पांढरा ठिपका आणि गाळलेली ओळ

दुपारचे दोन वाजले होते, वीज गेली होती, आणि शहराच्या कोठी भागातल्या एका दवाखान्याच्या बेसिनपाशी उभे राहून आम्ही दोघे कोथिंबीर धूत होतो. डॉ. अनंतराव मुखेडकरांशी माझी ओळख होऊन तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता. मी टायपिस्टच्या जागेसाठी भेटायला आले होते. वाटेत बाजार लागला म्हणून भाजी घेतली होती, आणि पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. सरांनी माझे प्रमाणपत्र पाहिले, वेग विचारला, मग पिशवीकडे पाहत म्हणाले,

"कोथिंबीर किती पाण्यांनी धुता?"

"एका," मी म्हणाले. खरे तर मी ती नळाखाली नुसती धरत असे.

"तीन पाण्यांनी धुवायची. चला, दाखवतो. नाहीतरी वीज येईपर्यंत मशीन बंदच आहे."

त्यांनी स्टीलचे मोठे भांडे काढले, जुडी सोडली, देठांची माती तळाला बसू दिली, पाणी ओतून दिले. असे तीनदा. मग वाहत्या पाण्याखाली एकेक काडी. शेवटी ओली जुडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती देत म्हणाले, "उद्या दहाला या. उशीर करू नका." मुलाखत संपली होती. हा माणूस थोडा विक्षिप्त आहे, असे मी घरी आईला सांगितल्याचे मला पक्के आठवते.

सरांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हटले. सरांच्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी लिहावे. मी त्यांच्याकडे अकरा वर्षे रिपोर्ट टाइप केले, एवढेच. पण एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही. सर तर नक्कीच लिहिणार नाहीत. म्हणून हा लेख.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षे होती. बाहेरचा माल देशात येऊ लागला होता. कोठीत जिथे आमची टायपिंगची संस्था होती, त्याच जिन्यावर संगणकवर्गाची पाटी लागली होती. गच्च्यांवर थाळीसारखे अँटेना उगवत होते. सरांनी त्या दिवसांत नवीन सोनोग्राफी मशीन आणवले. त्याच्याबरोबर अंगावर टेकवून फिरवायचा एक लहानसा प्रोब आला होता. पोटासाठीचा मोठा प्रोब सगळ्यांकडे होता. हा लहान प्रोब कातडीच्या खालचे, स्नायूंमधले बारीक दाखवी. मशीन खोक्यातून निघाले त्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या आधी स्वतःच्या दंडावर तो फिरवून पाहिला, मग माझ्या, मग आमच्या आया रुक्कम्माच्या. रुक्कम्मा लाजून म्हणाली, "सारू, आत काय दिसतं?" सर म्हणाले, "भांडी घासून कमावलेला दंड दिसतो. माझ्यापेक्षा दुप्पट आहे."

त्या लहान प्रोबने सरांना त्यांचे काम मिळवून दिले. कोणाच्या दंडात, कोणाच्या गालात, कोणाच्या जिभेत अशा लहान टणक गाठी घेऊन माणसे येत. दुखतात, कधी सुजतात, कधी आपोआप बसतात. पूर्वी बहुतेकांना एकच उत्तर मिळे: कापून काढू, मग काय आहे ते कळेल. सर जेली लावून प्रोब ठेवत आणि पडदा रोग्याच्या बाजूला वळवत. हा त्यांचा नियम होता. रोग्याला दाखवल्याशिवाय ते काही सांगत नसत. पडद्यावर सुजलेल्या स्नायूच्या मधोमध एक काळी लंबगोल पोकळी दिसे, आणि तिच्या एका कडेला चिकटलेला पांढरा ठिपका.

"हा बघा पाहुणा," सर म्हणत. "ही त्याची खोली, आणि हे त्याचं डोकं. न बोलावता आलाय. पण याला हाकलायला चाकू लागत नाही."

तो ठिपका म्हणजे पट्टकृमीच्या पिल्लाचे डोके. ते दिसले की निदान झाले. पुढे जंताच्या गोळ्या, सूज आवरायला दुसऱ्या गोळ्या. पण गोळ्या सुरू करण्यापूर्वी सर मेंदूचा स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी करूनच घ्यायला लावत. कारण असे पाहुणे तिथेही दडून बसलेले असले, तर ते मरताना तिथे सूज येते आणि औषधच घात करते. गोळ्या देणारे फिजिशियन वेगळे होते, बरकतपुऱ्यात; पण रोगी त्यांच्याकडे पोचला की नाही याची चौकशी सर स्वतः फोन करून करत. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ गालातली गाठ घेऊन आले होते. गाल कापला तर फुंकणार कसे, या भीतीने त्यांनी सहा महिने गाठ लपवली होती. दोन महिन्यांनी गाठ विरली तेव्हा ते वाद्य घेऊनच आले आणि दवाखान्यात वाजवू लागले. खालच्या पुस्तकांच्या दुकानातले लोक जिना चढून विचारायला आले, "किसकी शादी है, साब?"

आता मला माझ्या गोष्टीकडे यायला हवे.

माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. इंग्रजी चांगले झाले, समास सरळ सोडायची सवय लागली. आणि आणखी एक शिकवण अंगात मुरली: अप्रिय गोष्ट बोलू नये, लिहू तर नयेच. आमच्या सिस्टर म्हणत, चांगली मुलगी समोरच्याला अवघडवत नाही. मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते.

नल्लकुंट्याला आमच्या ओळखीचे एक कुटुंब होते. मूळचे बीदरकडचे, अतिशय सोवळे. घरातल्या मोठ्या मुलीचे नाव सुमती. ती माझ्याच टायपिंगच्या संस्थेत शिकलेली, मग संगणक शिकली, आणि तिला नव्याने निघालेल्या एका कंपनीत नोकरीचे पत्र आले होते. त्या घरातली पगार आणणारी ती पहिली मुलगी होणार होती. पण तिच्या उजव्या हाताच्या पुढच्या भागात, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, सुपारीएवढी गाठ आली होती. बोटे वाकवली की कळ येई. रुजू व्हायला तीन आठवडे उरले होते. मीच तिला सरांकडे आणले.

पडद्यावर ठिपका अगदी स्पष्ट दिसला. सुमतीने तो स्वतः बोट लावून दाखवला. सरांनी तिच्या आईला नीट समजावले, आणि मला रिपोर्ट सांगितला. शेवटची ओळ होती: डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीच्या पिल्लाची ही गाठ आहे, कापू नये, औषधाने बरी होते. इंग्रजीत ती एका ओळीत बसत असे. मी ती शंभरदा टाइप केली असेन.

मी यंत्रात कागद घातला, आणि सुमतीची आई, आमच्या सुशीलाकाकू, माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"शैला, ते डुकराचं लिहू नकोस गं बाई."

"काकू, ते तसंच लिहायचं असतं."

"सासूबाई कोणाकडून तरी वाचून घेतील. सोयरिकीचं बोलणं चाललंय. आमच्या घरात कांदा शिजत नाही आणि पोरीच्या हातात डुक्कर निघालं म्हटलं तर? तू बाईची जात आहेस, तुला कळत नाही का?" त्यांचे डोळे भरून आले होते.

मी ती ओळ गाळली. 'स्नायूत गाठ, आत द्रव' एवढेच टाइप केले. मला वाटले, सुमतीला तर ठाऊकच आहे, फिजिशियनकडे चिठ्ठी जाणारच आहे. बाहेर रोग्यांची रांग होती. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केली. त्या दिवसापर्यंत ते तसेच करत.

चार दिवसांनी सरांनी नेहमीप्रमाणे बरकतपुऱ्याला फोन केला. सुमती तिकडे गेलीच नव्हती. "शैलाबाई, जरा त्यांच्या शेजारी फोन करून विचारा," सर म्हणाले. शेजारी म्हणाले, ते सगळे सकाळीच दवाखान्यात गेले; मुलीचे आज ऑपरेशन आहे. सुमतीच्या काकांनी रिपोर्ट एका मोठ्या सर्जनना दाखवला होता. कागदावर निदान नाही, गाठ टणक, दुखरी, स्नायूत खोल. त्यांना ती वाईट गाठ वाटली, आणि आजूबाजूच्या स्नायूसकट ती काढायची त्यांनी ठरवले. कागद पाहता त्यांची काही चूक नव्हती. सुमती सांगत होती की औषधाने बरे होते. पण तिचे म्हणणे कागदावर नव्हते, आणि घरात तिला कोण विचारतो?

मी फोन ठेवला. त्याच जागेतून बोटांच्या नसा जातात, हे एव्हाना मलाही माहीत होते.

"सर, मी ती ओळ गाळली होती," मी सांगितले. का गाळली, तेही सांगितले.

सरांनी सुमतीच्या तपासणीची फिल्म पाकिटातून काढली, बाहेरच्या रोग्यांना हात जोडून "अर्ध्या तासात आलो" म्हणाले, आणि स्कूटर काढली. मी मागे बसले. वाटेत एकच वाक्य त्यांनी उच्चारले. "सुमती डावखुरी नाही ना?"

"नाही, सर."

आम्ही पोचलो तेव्हा सुमतीला आत नेण्याची तयारी चालली होती. सर्जनसाहेब हात धुवायला निघाले होते. भरदार, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. सरांनी खिडकीच्या उजेडात फिल्म धरली आणि ठिपका दाखवला. सर्जनसाहेबांनी तो बराच वेळ पाहिला. मग रिपोर्ट मागवून घेतला.

"क्या मुखेडकर साब! कागद पे कुछ और, मुँह पे कुछ और? मैं तो हाथ खोलनेवाला था बच्ची का. ये लाइन किधर गई?"

मी पुढे झाले. सरांनी हात आडवा केला.

"दस्तखत मेरी है, साब. गलती मेरी है."

"आप तो ऐसी गलती करते नईं."

"आज हुई. माफ करना."

काका तिथेच होते. जिन्यात उभे राहून ते आवाज चढवून बोलले: असले दवाखाने बंद केले पाहिजेत, मशीन विलायती आणून काय उपयोग, वाचता येत नसेल तर सही कशाला करता. सरांनी सगळे मान खाली घालून ऐकून घेतले. मी भिंतीला टेकून रडत होते. सुशीलाकाकू माझ्याकडे पाहत नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी राजीनाम्याचा कागद टाइप केला. सरांनी तो वाचला. मग म्हणाले, "यात दोन चुका आहेत. एक स्पेलिंगची. दुसरी म्हणजे हा कागद." आणि तो फाडला. "उद्यापासून प्रत्येक रिपोर्ट तुम्ही मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. रोग्याच्या समोर. त्याला कळेल त्या भाषेत. मग मी सही करीन."

तेव्हापासून दवाखाना बंद होईपर्यंत त्यांनी एकही सही न ऐकता केली नाही. रांग कितीही असो. मराठी, दखनी, मोडकी तेलुगू, जी लागेल ती. माझी तेलुगू ऐकून रोगी हसत. सर म्हणत, "हसू द्या. हसणारा माणूस लक्ष देऊन ऐकतो." पुढे सरांचे विद्यार्थी ही पद्धत आपापल्या गावी घेऊन गेले. ती सुरू कशी झाली, हे त्यांतल्या कोणालाही ठाऊक नाही.

ऑपरेशन टळले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर नल्लकुंट्याला गेले, आणि मलाही नेले. सुमतीच्या आजी पाटावर बसून होत्या. सरांनी चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले, जमिनीवर मांडी घातली.

"डॉक्टर, आमच्या घरात चातुर्मासात वांगंसुद्धा शिजत नाही," आजींनी सुरुवात केली, "आणि तुम्ही डुक्कर काढलंत!"

"आजी, डुक्कर तुमच्या घरी आलंच नाही. कोथिंबीर आली."

"काय आली?"

"सुमतीला चटणी आवडते ना? कच्च्या कोथिंबिरीची?"

मग सरांनी त्यांनाही सगळे सांगितले. ज्याच्या पोटात हा कृमी असतो, त्याच्या शौचातून अंडी मातीत जातात. नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीला ती चिकटतात. मांस खाणाऱ्याच्या पोटात लांब कृमी वाढतो. पण अशी गाठ व्हायला मांस लागत नाही, न धुतलेला पाला किंवा न धुतलेले हात पुरतात. सोवळ्यातल्या माणसालाही ती होते. "उलट तुमचा पाला जास्त, म्हणून तुम्ही जास्त जपायला हवं. सोवळं तुम्ही इतकं पाळता, त्यात फक्त दोन पाणी वाढवा."

आजी सुनेला म्हणाल्या, "ऐकलंस? मी म्हणत होते, ती कोपऱ्यावरची भाजीवाली नुसतं पाणी मारते." आणि सरांना म्हणाल्या, "दाखवा बघू, कसं धुता ते." सरांनी बाह्या सरसावल्या. त्या स्वयंपाकघरात बाहेरचा पुरुष त्याआधी कधी शिरला नसेल.

घरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करावी लागेल, डब्या पाठवतो, असेही सर जाता जाता सांगून आले. "माझीसुद्धा?" आजींनी विचारले. "तुमची आधी. तुम्ही घरात मोठ्या," सर म्हणाले. आजी हसल्या तेव्हा त्यांचा एकुलता दात दिसला.

सुमतीचा मेंदू आणि डोळे स्वच्छ निघाले. गोळ्या सुरू झाल्या. सरांनी कंपनीला स्वतः पत्र लिहून रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे ढकलून घेतली. ते पत्र टाइप करताना मी प्रत्येक शब्द दोनदा वाचला. दुसऱ्या महिन्यात गाठ हाताला लागेना. सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. ठिपका नव्हता, स्नायूचे सरळ धागे तेवढे होते. सुमतीने बोटे मिटली, उघडली, मिटली, उघडली. मग माझ्या टेबलापाशी येऊन, मला न विचारता, माझ्याच यंत्रावर तिने आपले नाव टाइप केले. दहा बोटांनी. तो कागद अजून माझ्याकडे आहे. कार्बनसकट.

सरांनी ही चूक माझी होती, असे आजवर कोणालाही सांगितलेले नाही. काकांनी नल्लकुंट्यात आणि तिथल्या मराठी मंडळात बरीच वर्षे ते प्रकरण उगाळले. काही रोगी त्यामुळे तुटले. मंडळातल्या एका कार्यक्रमात कोणी टोमणा मारला, "मुखेडकरांची सही म्हणजे कोरा कागद," तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते. मी उठणार इतक्यात सर हळूच म्हणाले, "शैलाबाई, चहा गार होतोय." मी बसले. बसायला नको होते.

गेली तीन वर्षे सरांची नजर अधू झाली आहे. ज्या डोळ्यांना मुगाच्या डाळीएवढा ठिपका अर्ध्या अंधारात सापडे, त्यांना आता ठळक मथळेही लागत नाहीत. मी दर गुरुवारी बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी जाते आणि वर्तमानपत्र वाचून दाखवते. मी एखादी वाईट बातमी सोडून पुढे गेले की त्यांना कसे कोण जाणे कळते. "काहीतरी गाळलंत," ते म्हणतात. मी मागे जाते.

सरांना उदंड आयुष्य लाभो, हे तर सगळेच लिहितील, आणि मीही मनापासून लिहिते. त्यांचे गुडघे दुखायचे थांबोत. त्यांना पुष्कळ वर्षे आपल्या हाताने तीन पाण्यांनी धुतलेल्या कोथिंबिरीची चटणी मिळो. दर गुरुवारी दार उघडताना "किती वाजले?" असे ते मला रागावून विचारोत.

संपादकांनी प्रती कोणाला पाठवायच्या ते विचारले आहे, म्हणून ते इथेच लिहून ठेवते.

पहिली प्रत सुमतीला. ती आता तिच्या कंपनीत फार वरच्या जागी आहे. पत्ता माझ्याकडे आहे. तिच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा तिनेच त्यांना वाचून दाखवावे, आजींचा दात आणि सगळे.

दुसरी प्रत त्या सर्जनसाहेबांना. त्यांना मराठी येत नाही. या लेखाचे इंग्रजी मी टाइप करून दिले आहे. ते आत ठेवावे. ती ओळ कुठे गेली, हे त्यांनी तेव्हा विचारले होते. त्याचे उत्तर त्यांना द्यायचे राहिले आहे.

तिसरी सुमतीच्या काकांच्या मुलाला. काका आता नाहीत. जिन्यात ते सरांना जे बोलले, ते खरे तर माझ्या वाट्याचे होते, एवढे त्याला कळावे.

रुक्कम्माच्या लेकीला प्रत नको, ती म्हणाली तिला सरांचा मोठा फोटो हवा आहे. तो द्यावा.

सरांची प्रत मात्र समारंभाआधी किंवा समारंभात देऊ नये. आधी कळले तर ते हे पान काढायला लावतील. ती माझ्याकडे द्यावी. समारंभानंतरच्या गुरुवारी मी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन, पहिल्या शब्दापासून, काही न गाळता. ऐकून झाल्यावर त्यांनी या लेखाखाली सही करावी.

सही केलेली ती प्रत मी ठेवून घेईन.